छिन्नीला पाणी कोण पाजणार?

बूड टेकलं का सगळ्यांनी? टेका, टेका. चुळबुळ नंतर. आधी गोष्ट.

एक होता बाजार. लोखंडाचा बाजार. इकडं सळया. तिकडं पत्रे. मधे खिळे. खिळ्यांच्या शेजारी आणखी खिळे. तिथं चालायचं तर जपून चालायचं. नाहीतर काय? "आई गं!"

त्या बाजारात एक दुकान होतं. नागोशेठचं. नागोशेठ मोठे. त्यांचं पोट मोठं. आवाज त्याहून मोठा. पहारी विकायचे, कुऱ्हाडी विकायचे, करवती विकायचे. कुणाला म्हणून भ्यायचे नाहीत. फक्त चिचुंद्रीला भ्यायचे. चिचुंद्री दिसली की शेठ स्टुलावर. टुण्णकन! धोतर गुडघ्यावर. "हाकला रे तिला! हाकला!"

आणि चिचुंद्री राहायची कुठं? त्याच दुकानात. सळयांच्या मागं. तिचं नाव चुंदी. नाक लांब. डोळे बारीक. चाल तुरुतुरु.

चुंदीला तीन पिल्लं. चिक, चुक आणि चिमटूल. चिमटूल सगळ्यांत धाकटा. एवढासा. वाटाण्याला टोपी घातली तर जेवढा दिसेल, तेवढा.

चिचुंद्रीची पिल्लं फिरायला कशी जातात, ठाऊक आहे? साखळी करून. आईची शेपूट चिकच्या तोंडात. चिकची शेपूट चुकच्या तोंडात. चुकची शेपूट चिमटूलच्या तोंडात. सोडायची नाही. बोलायचं तर कसं बोलायचं? तोंडात शेपूट! मग चिक म्हणतो, "म्म!" चुक म्हणते, "म्म म्म!" बास. तेवढ्यात सगळं येतं.

एके सकाळी साखळी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. वाटेत डबा. पत्र्याचा डबा. आडवा पडलेला. झाकण उघडं. आत गूळ. पिवळा पिवळा. मऊ मऊ.

चिमटूल थांबला. गूळ खायचा, तर तोंड उघडायला हवं. तोंड उघडलं, तर शेपूट सुटणार. चिमटूलनं खूप विचार केला. डोळे मिटेपर्यंत. मग तोंड उघडलं. शेपूट सुटली. चिमटूल डब्यात. टुणुक!

तेवढ्यात आले नागोशेठ. डबा उभा केला. झाकण लावलं. वरून बुक्की मारली. धप्प! झाकण घट्ट.

"हा गुळाचा डबा आमच्या अक्काचा," शेठ गरजले. "टेम्पो आला की चढवा रे. घाटापलीकडं जायचाय."

चुंदीनं मागं पाहिलं. चिक आहे. चुक आहे. चिमटूल? चिमटूल नाही!

डब्यातून आवाज आला. "चिंय!"

"अगं बाई, माझा चिमटूल!" चुंदी धावली. थेट शेठकडं. "शेठ, शेठ, झाकण काढा ना!"

शेठ स्टुलावर. टुण्णकन! "हाकला रे तिला! हाकला!"

झालं. आता यांच्याशी काय बोलणार? चुंदी डब्याकडं वळली.

"डबेराव, डबेराव, उघडा ना!"

"ढण्ण!" डबा म्हणाला. "मी नाही उघडत."

"का हो?"

"शेठची बुक्की बसलीय. झाकण रुतलंय. हातानं निघत नाही, दातानं निघत नाही. छिन्नी आण. छिन्नीनं टोचलं, की मी उघडलो."

चुंदी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. मागं चिक. त्याच्या मागं चुक.

छिन्नी होती फळीवर. हातोडीला टेकून बसली होती. तोंड फुगवून.

"छिन्नीताई, छिन्नीताई, डबा टोच ना!"

"का गं चुंदे?"

"चिमटूल डब्यात, डबा उघडेना.
आणि टेम्पो येणार, पों पों पों!"

"टिण्ण!" छिन्नी म्हणाली. "मी नाही टोचत. बघ माझं तोंड. हे छिन्नीचं तोंड आहे? चमचा वाटतो चमचा! परवा एका शहाण्यानं माझ्यानं दगड खरवडला. का? तर म्हणे, बघू दगडाच्या आत काय असतं. दगडाच्या आत दगड असतो! धार गेली माझी. मला आता पाणी पाजलं पाहिजे."

"एवढंच ना?" चुंदी म्हणाली.

ती धावली माठाकडं. तोंडभर पाणी घेतलं. गाल फुगले. धावत आली. आणि छिन्नीवर सोडलं. फुर्रर्र!

"शी शी शी! थुंकलीस माझ्यावर?"

"थुंकले कुठं? पाणी पाजलं!"

"अगं येडे, छिन्नीला पाणी असं पाजतात होय? गंजेन ना मी! आधी भट्टीत घालायचं. लालेलाल करायचं. मग ऐरणीवर ठोकायचं. ठाण्ण! मग पाण्यात बुडवायचं. सुस्स्स! त्याला म्हणतात पाणी पाजणं. मग धार कशी, पाण्यासारखी. पण ते काम तुझं नाही. तुळजाकाकूचं. लोहारीण आहे ती. तिनं पाजलं, तर मी टोचीन."

चिक म्हणाला, "म्म!" चुक म्हणाली, "म्म म्म!"

चुंदी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

तुळजाकाकू बसली होती ऐरणीशेजारी. हात केवढे! घण उचलणारे हात. पण आज नुसते मांडीवर.

"काकू, काकू, छिन्नीला पाणी पाज ना!"

"का गं चुंदे?"

"चिमटूल डब्यात, डबा उघडेना.
छिन्नी बोथट, डबा टोचेना.
आणि टेम्पो येणार, पों पों पों!"

"छ्या!" काकू म्हणाली. "मी नाही पाजत. कशी पाजू? भट्टी बघ. गार पडलीय. आत मांजर झोपलंय कालपासून. मांजर! ज्या भट्टीत लोखंड तापावं, त्या भट्टीत मांजर घोरतंय. सांगायची लाज वाटते मला. कोळसा नाही गं बाई. कोळसा आला, तर भट्टी पेटेल. भट्टी पेटली, तर पाणी पाजीन."

मांजर म्हटल्यावर चिकनं शेपूट जरा जोरात चावली. "ऊई!" चुंदी म्हणाली. आणि निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

कोळसा होता वखारीत. ढिगावर बसलेला. काळाकुट्ट. मान ताठ.

"कोळसेराव, कोळसेराव, भट्टीत या ना!"

"का गं चुंदे?"

"चिमटूल डब्यात, डबा उघडेना.
छिन्नी बोथट, डबा टोचेना.
भट्टी गार, छिन्नी तापेना.
आणि टेम्पो येणार, पों पों पों!"

"कर्रर्र!" कोळसा म्हणाला. "मी नाही येत. मी कोण आहे, माहीत आहे?"

"कोळसा."

"तो आत्ता. पूर्वी मी झाड होतो. झाड! माझ्यावर पक्षी बसायचे."

"मग?"

"मग आडवा झालो. जमिनीखाली झोपलो. वर माती पडली. आणखी माती पडली. मी झोपलेलाच. खाणीतल्या माणसानं कुदळ मारली, तेव्हा उठलो. एवढा झोपलेला माणूस चालत जाईल का भट्टीकडं? पालखी पाहिजे!"

"कसली पालखी?"

"घमेलं."

"घमेल्याला पालखी म्हणतात?"

"मी म्हणतो," कोळसा म्हणाला. "घमेल्यानं उचललं, तर मी येईन."

चुंदी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

घमेलं होतं भिंतीला टेकून. भिंतीला पाठ लावून. अगदी घट्ट.

"घमेल्या, घमेल्या, कोळशाला उचल ना!"

"का गं चुंदे?"

"चिमटूल डब्यात, डबा उघडेना.
छिन्नी बोथट, डबा टोचेना.
भट्टी गार, छिन्नी तापेना.
कोळसा मिजासी, जागचा हलेना.
आणि टेम्पो येणार, पों पों पों!"

"खडंग!" घमेलं म्हणालं. "मी नाही उचलत."

"का रे?"

घमेल्यानं इकडं पाहिलं. तिकडं पाहिलं. मग हळूच म्हणालं, "कुणाला सांगणार नाहीस?"

"नाही."

"माझ्या बुडाला भोक आहे."

चिक म्हणाला, "म्म!" चुक म्हणाली, "म्म म्म म्म म्म!"

"हसताहेत ती!" घमेलं रुसलं.

"छे! तोंडात शेपूट आहे त्यांच्या."

"शेपूट धरूनसुद्धा हसता येतं. मला काय कळत नाही? म्हणून तर भिंतीला टेकून बसलोय सकाळपासून. कोळसा वरून घालशील आणि खालून गळेल. टायरआजोबाकडं जा. रबराचं ठिगळ आण. मऊ आण हो. जागा नाजूक आहे. ठिगळ बसलं, तर मी उचलेन."

चुंदी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

टायरआजोबा होता रस्त्याकडेला. ट्रकचा टायर. म्हातारा. गुळगुळीत. टकलासारखा.

"टायरआजोबा, टायरआजोबा, ठिगळ द्या ना!"

"का गं चुंदे?"

"चिमटूल डब्यात, डबा उघडेना.
छिन्नी बोथट, डबा टोचेना.
भट्टी गार, छिन्नी तापेना.
कोळसा मिजासी, जागचा हलेना.
घमेल्याला भोक, ओझं उचलेना."

लांबून घमेलं ओरडलं, "हळू बोल की गं!"

"आणि टेम्पो येणार, पों पों पों!"

"भुस्स्स!" टायरआजोबा म्हणाला. "मी नाही देत. म्हणजे देईन. त्यात काय? आयुष्यभर दुसऱ्यांची ओझीच वाहिली. पेरू वाहिले, सिमेंट वाहिलं, एकदा तर अख्खी वरात वाहिली. वाजंत्र्यांसकट! नवरा मागंच राहिला, पण वरात पोचवली. एक ठिगळ म्हणजे काय! पण पोरी, माझ्यात बघ कोण आहे."

चुंदीनं वाकून पाहिलं. टायरच्या मधोमध कुत्रा. गोल वळकटी. नाक शेपटीत.

"हा लोळ्या," आजोबा म्हणाला. "हा असा माझ्यात असला की मला हलता येत नाही. हा उठला, तर ठिगळ देईन."

आता मांजराच्या नावानं घाबरणारी चिचुंद्री. ती कुत्र्याशी बोलेल का? बोलली. लांबून बोलली. पण बोलली.

"लोळ्याभाऊ, लोळ्याभाऊ, ऊठ ना!"

कुत्र्यानं एक डोळा उघडला. "का गं चुंदे?"

"चिमटूल डब्यात, डबा उघडेना.
छिन्नी बोथट, डबा टोचेना.
भट्टी गार, छिन्नी तापेना.
कोळसा मिजासी, जागचा हलेना.
घमेल्याला भोक, ओझं उचलेना."

लांबून घमेलं ओरडलं, "हळू बोल की गं!"

"टायर अडलेला, ठिगळ देईना.
आणि टेम्पो येणार, पों पों पों!"

"घुर्रर्र," लोळ्या म्हणाला. "मी नाही उठत. उठून झोपू कुठं? सगळीकडं खडी टाकलीय. काल खडीवर झोपलो, तर पोटावर नक्षी उठली. ही बघ. सगळी कुत्री हसली. म्हणाली, लोळ्यानं फुलाफुलांचा सदरा शिवला! मला वाळू पाहिजे. बारीक. मऊ. खडा एक नको. वाळूची गादी झाली, तर उठेन."

आणि उघडलेला डोळा त्यानं मिटला.

चुंदी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. बाजार संपला. रस्ता संपला. पाय दुखले. चिकचे दुखले. चुकचे दुखले. पण शेपट्या सोडल्या नाहीत.

डोंगराच्या उतारावर वाळू होती. ढीगभर. पाय पसरून बसली होती. ऊन खात.

"वाळूमावशी, वाळूमावशी, खाली घसर ना!"

"का गं चुंदे?"

"चिमटूल डब्यात, डबा उघडेना.
छिन्नी बोथट, डबा टोचेना.
भट्टी गार, छिन्नी तापेना.
कोळसा मिजासी, जागचा हलेना.
घमेल्याला भोक, ओझं उचलेना."

खूप लांबून घमेलं ओरडलं, "हळू बोल की गं!"

"टायर अडलेला, ठिगळ देईना.
लोळ्या लोळतो, काही केल्या उठेना.
आणि टेम्पो येणार, पों पों पों!"

"सर्रर्र," वाळू म्हणाली. "मी नाही घसरत. मी आजोबांच्या मांडीवर बसलेय. हे डोंगरबाबा माझे आजोबा. दगड होते मी. झिजले, झिजले, वाळू झाले. आता आपणहून घसरले, तर लोक काय म्हणतील? काय ही उनाड वाळू! आजोबांनी ढकललं, तर घसरेन. मग कुणी नाव ठेवणार नाही."

चुंदीनं वर पाहिलं. डोंगर. केवढा डोंगर! टोक दिसेना. डोळे कुठं, कान कुठं, कळेना.

"डोंगरबाबा! डोंगरबाबा! वाळूला ढकला ना!"

वरून आवाज आला. "घुंममम. कोण बोलतंय?"

"मी. चुंदी. खाली बघा. आणखी खाली. आणखी खाली."

"का गं चुंदे?"

चुंदीनं मोठा श्वास घेतला. तुम्हीही घ्या.

"चिमटूल डब्यात, डबा उघडेना.
छिन्नी बोथट, डबा टोचेना.
भट्टी गार, छिन्नी तापेना.
कोळसा मिजासी, जागचा हलेना.
घमेल्याला भोक, ओझं उचलेना."

इतकं लांबून कुठलं ऐकू येतंय? तरी घमेलं ओरडलंच. "हळू बोल की गं!"

"टायर अडलेला, ठिगळ देईना.
लोळ्या लोळतो, काही केल्या उठेना.
वाळू बसलेली, खाली घसरेना.
आणि टेम्पो येणार, पों पों..."

"पों!"

हे चुंदी नाही म्हणाली. हे घाटातून आलं. लांबून. टेम्पो निघाला होता!

"बाबा, ढकला ना लवकर!" चुंदी रडकुंडीला आली.

"घुंममम," डोंगर म्हणाला. "डबा माझा. छिन्नी माझी. घमेलं माझं."

"तुमचं कसं?"

"त्यांचं लोखंड कुणाच्या पोटातलं? माझ्या! कोळसासुद्धा माझ्याच भावकीतला. सगळा बाजार माझ्या पोटातून गेलाय."

"आणि टायर?"

"तो नाही. तो झाडाचा चीक. त्याची माझी ओळख नाही." डोंगर कुरकुरला. "नेतात ते नेतात. एकानं तरी विचारावं, बाबा, कसा आहेस?"

चुंदी म्हणाली, "बाबा, कसे आहात?"

असं कुणी विचारेल, हे डोंगराला वाटलं नव्हतं.

"बरा नाही गं," तो म्हणाला. "पलीकडं खडी फोडतात. धडाड धूम! धूळ उडते. ती गेली माझ्या नाकात. शिंक आलीय. पण बाहेर येत नाही. सकाळपासून नुसतं आ... आ... आ... आणि काहीच नाही! शिंक आली, तर मी हलेन. मी हललो, तर वाळू घसरेल."

"मग शिंक काढायला कुणाला आणू? कुणाकडं जाऊ?"

"पों पों!" टेम्पो घाट उतरला.

चुंदीनं खाली पाहिलं. बाजार लांब. डबा लांब. कुणाकडं जाऊ, कुणाला आणू? छे! आता कुणाकडंसुद्धा नाही.

"नाक कुठंय तुमचं?" चुंदीनं विचारलं.

"ती बघ. ती गुहा."

चुंदी चढली. तुरुतुरु, तुरुतुरु. मागं चिक. त्याच्या मागं चुक. शिरली की सगळी डोंगराच्या नाकात!

आत अंधार. आत धूळ. आणि आत आणखी जे काय नाकात असतं, तेही होतं. डोंगराएवढं. चुंदी चढून गेली त्याच्यावरून.

"सोडा रे शेपट्या!" चुंदी म्हणाली. "आणि हलवा!"

चिकनं शेपूट हलवली. गुदगुद गुदगुद. चुकनं शेपूट हलवली. गुदगुद गुदगुद. चुंदीनं सगळ्यांत लांब शेपूट हलवली. गुदगुद गुदगुद गुदगुद.

"आ..." डोंगर म्हणाला.

"हलवा, हलवा!"

"आ... आ..."

"आणखी!"

"आ... आ... आ..."

आता तुम्ही. सगळ्यांनी मिळून.

"आआआक्क्छीं!"

चुंदी उडाली. चिक उडाला. चुक उडाली. धप्प, धप्प, धप्प! तिघं वाळूवर. आणि वाळू घसरली. सर्रर्रर्रर्र! उतारावरून रस्त्यावर. रस्त्यावरून बाजारात. वर तिघं बसलेली. घसरगुंडी!

"शिंकले आजोबा!" वाळू ओरडली. "मी नाही हो, आजोबा शिंकले!"

वाळू घसरली, टायरजवळ पसरली. गादी झाली. मऊ मऊ.

लोळ्यानं एक डोळा उघडला. मग दुसरा. उठला. जांभई दिली. वाळूवर लोळला. लोळ लोळ लोळला.

लोळ्या उठला, टायर सुटला. आजोबानं अंगाचा तुकडा काढून दिला. "घे पोरी. माझं काय, मी आधीच टकला."

टायरनं ठिगळ दिलं, घमेल्याच्या बुडाला बसलं. चप्प!

"आहाहा," घमेलं म्हणालं. भिंतीपासून सरकलं. गोल फिरून सगळ्यांना बूड दाखवलं. कुणी मागितलं नव्हतं, तरी दाखवलं.

"पों पों पों!" टेम्पो बाजारात शिरला.

"पळ रे!" चुंदी ओरडली.

घमेल्यानं कोळसा उचलला. "सावकाश!" कोळसा म्हणाला. "पालखी अशी नेतात का?" पण कोण ऐकतंय? खडंग खडंग खडंग! कोळसा भट्टीत.

भट्टी पेटली. भाता हलला. फुस्स फास्स, फुस्स फास्स. मांजर उठून पळालं. काकूनं छिन्नी आत घातली. छिन्नी लाल झाली. लालेलाल!

ऐरणीवर ठेवली. ठाण्ण! ठाण्ण! मग पाण्यात.

सुस्स्स्स्स!

"आता कसं वाटतंय?" चुंदीनं विचारलं.

"पोट भरलं," छिन्नी म्हणाली. तोंड असं चकाकलं, की चुंदीला त्यात स्वतःचं नाक दिसलं.

काकूनं छिन्नी घेतली. हातोडी घेतली. चुंदी पुढं, काकू मागं. धाव धाव धाव.

दुकानासमोर टेम्पो उभा. मागची फळी उघडी. नागोशेठच्या दोन्ही हातांत डबा. एक पाय टेम्पोत.

"शेठ, थांबा!" काकू ओरडली.

"काय गं तुळजा? टेम्पो खोळंबलाय. अक्काचा डबा आहे."

"डबा खाली ठेवा. आत चिचुंद्री आहे."

शेठनी डब्याकडं पाहिलं. डब्यातून आवाज आला. "चिंय!"

"माझ्या हातात?" शेठ म्हणाले. "माझ्या?"

डबा खाली. धप्प! शेठ स्टुलावर. टुण्णकन! ड्रायव्हरनं विचारलं, "शेठ, काय झालं?" शेठ म्हणाले, "काही नाही. वरचे खिळे मोजतोय."

काकूनं छिन्नी झाकणाच्या कडेला लावली. टक. टक. हळूच. टक.

फट्टाक! डबा उघडला.

चुंदीनं आत डोकं घातलं. "चिमटूल! माझ्या राजा! घाबरलास?"

आत चिमटूल बसला होता. गोल. लाडवाएवढा. नाकाला गूळ. कानाला गूळ. पोटाला गूळ.

"आई," चिमटूल म्हणाला, "एवढ्यात आलीस?"

"एवढ्यात?" चुंदीचे डोळे मोठे झाले. "एवढ्यात? अरे, मी डोंगराच्या नाकात जाऊन आले!"

"कशाला?" चिमटूलनं विचारलं.

चुंदीनं त्याला बाहेर ओढलं. जवळ घेतलं. आणि चाटलं. आधी नाक. मग कान. गूळ गोड होता. पण ती चिमटूललाच चाटत होती.

काकूनं डब्यातला गुळाचा मोठा खडा काढला. चुंदीसमोर ठेवला. "घे. आज तुझा हक्क आहे."

"आणि अक्काला काय पाठवू?" शेठ स्टुलावरून म्हणाले.

"डबा पाठवा," काकू म्हणाली. "हवेशीर झालाय."

टेम्पो गेला. पों पों पों. चुंदीनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

गूळ खाऊन झाला. घरी निघायचं. आईची शेपूट चिकच्या तोंडात. चिकची शेपूट चुकच्या तोंडात. चुकची शेपूट?

"धर रे चिमटूल!"

चिमटूलनं तोंड उघडलं. तोंडात गूळ. गच्च. शेपूट जाईना.

चुंदी मागं आली. तिनं चुकची शेपूट घेतली. चिमटूलच्या गूळ लागलेल्या गालावर ठेवली. आणि दाबली.

चप्प! चिकटली.

चिमटूलनं मान हलवली. सुटेना. ओढून पाहिली. सुटेना. "म्म?" तो म्हणाला. सुटेना!

"आता सोड बघू," चुंदी म्हणाली.

आणि साखळी निघाली. सळयांच्या मागं. तुरुतुरु, तुरुतुरु, तुरुतुरु, तुरुतुरु.

गूळ त्यांनी खाल्ला. बोटं तुम्ही चाटा. गोष्ट चिकटली, झोप आली, डोळे मिटा.